उठून जाण्याची इच्छा : लखनौ, पुणे आणि प्रेक्षकाच्या इतिहासातील एक मौन

चित्रपटाचा सामाजिक इतिहास बहुधा बसून राहिलेल्यांचा इतिहास असतो. एखादा बोलपट किती आठवडे चालला, रौप्यमहोत्सव झाला की सुवर्णमहोत्सव, खिडकीवर किती गल्ला जमला, हे आकडे प्रेक्षक अखेरपर्यंत बसला असे गृहीत धरतात. १९२७-२८ साली टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या भारतीय चित्रपट समितीने देशभर साक्षी नोंदवल्या. त्यांत लखनौचाही समावेश होता. मात्र चित्रपटाचा पाहणाऱ्यावर काय परिणाम होतो, हीच तेथील प्रमुख चिंता होती. पाहता पाहता ज्याला उठून जावेसे वाटले, त्याची साक्ष घेण्याचे प्रयोजन कोणास वाटले नाही. पुढे समीक्षेनेही या प्रेक्षकाची फारशी विचारपूस केलेली नाही. प्रस्तुत निबंधात या अनुल्लेखित इच्छेचा विचार करावयाचा आहे.

मराठीत ‘उठून जाणे’ हा साधा क्रियापदबंध नाही. पंगतीतून मध्येच उठणे म्हणजे यजमानाचा अपमान. कीर्तन चालू असता उठणे म्हणजे केवळ कीर्तनकाराचा नव्हे, तर कथेचाच अवमान. विधिमंडळात हीच कृती ‘सभात्याग’ हे भारदस्त नाव धारण करते आणि तिला निषेधाचा दर्जा मिळतो. चित्रपटगृहात यजमान नाही, देव नाही, सभापतीही नाही. तिकीट काढलेले आहे, तेव्हा बसण्याचा हक्क आहे आणि उठण्याचाही. तरीही खुर्चीत चुळबूळ करणारा प्रेक्षक उठत नाही. शेजाऱ्यांच्या गुडघ्यांना धक्का लागेल, पडद्यासमोर आपली सावली पडेल, एवढ्या लहान कारणांनीही तो थांबतो. शिवाय आपल्याकडील ‘मध्यंतर’ या संस्थेने ही अडचण अत्यंत सभ्यपणे सोडवली आहे. मध्यंतरात बाहेर पडलेला चहाला गेला की घरी गेला, हे कोणी विचारत नाही. जेथे चित्रपट सलग दाखवला जातो, तेथे उठून जाणे ही चारचौघांदेखत केलेली कृती ठरते. आपल्याकडे ती मध्यंतराच्या गर्दीत विरून जाते आणि म्हणूनच तिचा माग इतिहासात उरत नाही.

या इच्छेचे निदान तीन प्रकार मानावे लागतात. पहिला कंटाळ्याचा. त्यात प्रेक्षकाचा कलाकृतीशी संबंधच जुळलेला नसतो. दुसरा अपमानाचा. ‘हे आमच्याविषयी खोटे बोलत आहेत’ अशी त्यामागील भावना असते. तिसरा प्रकार लाजेचा. ‘हे आमच्याविषयी खरे बोलत आहेत’ असे त्यात वाटते. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारांत बाहेरून काहीच फरक दिसत नाही. दोन्ही प्रेक्षक सारख्याच घाईने दाराकडे पाहतात. कित्येकदा उठणाऱ्यालाही आपण नेमके कशासाठी उठत आहोत हे ठाऊक नसते.

भारतीय परंपरेत प्रेक्षागृहाचा उगमच अशा एका प्रसंगातून सांगितला आहे, ही गोष्ट येथे लक्षणीय ठरते. नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायातील कथेनुसार इंद्रध्वजाच्या उत्सवात पहिला प्रयोग झाला आणि त्यात दैत्यांचा पराभव दाखवला गेला. प्रेक्षकांत दैत्यही होते. विरूपाक्षाच्या चिथावणीने विघ्ने पुढे सरसावली आणि त्यांनी नटांची वाणी, हालचाल व स्मृती गोठवून टाकली. इंद्राने आपल्या ध्वजाने, म्हणजेच जर्जराने, त्यांना झोडपले. नंतर विश्वकर्म्याने नाट्यगृह बांधले. एवढ्यावर कथा संपत नाही, हे महत्त्वाचे. ब्रह्मदेव विघ्नांशी सामोपचाराने बोलतो आणि नाट्य कोणा एका पक्षाचे नसून त्रैलोक्याच्या भावांचे अनुकीर्तन आहे, असे त्यांना समजावतो. रंगभूमीच्या आद्य सिद्धान्ताचा पहिला श्रोता असा एक दुखावलेला प्रेक्षक आहे.

ग्रीक परंपरेतही याला समांतर घटना सापडते. इ. स. पूर्व ४९४ मध्ये इराण्यांनी मिलेटस हे नगर जिंकून उद्ध्वस्त केले. फ्रिनिखस या नाटककाराने लौकरच त्या पाडावावर शोकात्मिका रचली. हेरोडोटस सांगतो की, प्रयोगात सारे प्रेक्षागृह रडले. त्यानंतर अथेन्सवासीयांनी नाटककाराला एक हजार द्राख्मांचा दंड केला आणि ते नाटक पुन्हा कोणी करू नये असे फर्मावले. कारण काय, तर त्याने त्यांना त्यांच्या ‘स्वतःच्या’ दुःखांची आठवण करून दिली. अभिनवगुप्ताने रसविघ्ने गणताना जे एक विघ्न सांगितले, त्याचे नाते या कारणाशी थेट जुळते. समोरचे सुखदुःख केवळ ‘स्वगत’ किंवा केवळ ‘परगत’ म्हणून, विशिष्ट देशकालाला बांधलेले असे जाणवू लागले की साधारणीकरण अडते आणि रस निष्पन्न होत नाही. दंडाचा निर्णय देणारे नागरिक आणि काश्मीरचा आचार्य यांच्यामध्ये सुमारे पंधरा शतकांचे अंतर आहे. दोघांनीही बोट ठेवले आहे ते एकाच जागी : आपलेच दुःख आपल्यासमोर मांडले जाणे.

लखनौच्या बाबतीत असा मिलेटस-प्रसंग १९७७ साली आला. सत्यजित राय यांनी प्रेमचंदांच्या १९२४ च्या कथेवर ‘शतरंज के खिलाडी’ काढला. बंगालीखेरीज अन्य भाषेतला हा त्यांचा पहिला कथापट. विषय अवधच्या विलीनीकरणाचा. फेब्रुवारी १८५६ मध्ये कंपनीने राज्य ताब्यात घेतले. वाजिद अली शाहने आपला मुकुट रेसिडेंट औटरमपुढे केला, परंतु तहावर सही केली नाही. मार्च महिन्यात तो लखनौ सोडून कलकत्त्यास गेला आणि १८८७ साली मटियाबुर्ज येथे वारला. याच काळात मिर्झा आणि मीर हे दोन जहागीरदार बुद्धिबळाच्या पटापुढून हलत नाहीत.

चित्रपटावर गंभीर आक्षेप आला तो राजबंस खन्ना यांचा. १९७८ साली ‘इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया’त त्यांनी लिहिले. अवध हे विलासाने पोखरलेले राज्य होते ही इंग्रजांनीच रचलेली प्रतिमा रायांनी स्वीकारली आणि प्रजेचा क्षोभ दृष्टीआड केला, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आपला वाजिद अली दुबळा वा स्त्रैण नाही, अशी बाजू मांडत रायांनी त्याच साप्ताहिकात उत्तर दिले. आपल्या वर्गीकरणानुसार खन्नांचा आक्षेप दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे अपमानाचा आहे, आणि तो निराधार म्हणता येणार नाही. स्लीमनसारख्या रेसिडेंटांच्या लेखनातून अवधची जी प्रतिमा उभी राहिली, ती राज्य गिळंकृत करण्याच्या समर्थनासाठी वापरली गेली, हे सत्य आहे.

तथापि कथा आणि चित्रपट यांचे शेवट ताडून पाहिले असता निराळी गोष्ट हाती लागते. प्रेमचंदांचे दोन्ही खेळाडू गोमतीपलीकडच्या एका पडक्या मशिदीत डाव मांडतात. राजासाठी ज्यांनी अश्रू ढाळला नाही, ते पटावरील वजिरापायी तलवारी उपसतात आणि एकमेकांच्या हातून मरतात. वाचकाला येथे दार मोकळे मिळते. दोषी मेले, कथा मिटली. राय हे दार बंद करतात. त्यांच्या चित्रपटात मशीद नाही, आहे एक ओसाडसे खेडे. गोळी सुटते, पण ती बाही फाडून जाते. दोघेही जगतात. तोंड लपवायला काळोख हवा, म्हणून अंधार पडल्यावरच घरी जाऊ असे ठरते आणि तोवर नवा डाव मांडला जातो. हा डाव मात्र इंग्रजी पद्धतीचा आहे. त्यात वजीर जातो आणि राणी येते.

या ठिकाणी प्रेक्षकाची कोंडी होते. तोही काळोखात बसलेला आहे. त्याच्याही समोर एक चौकोनी पट उजळलेला आहे आणि बाहेर काय चालले आहे याचे भान त्यालाही नाही. बसून राहावे तर आपण मीर-मिर्झांसारखेच बसलेले. उठून जावे तरी सुटका नाही, कारण ते दोघेही शहरातून उठूनच गेले होते. साक्षीदार व्हावे लागू नये म्हणूनच त्यांनी गोमती ओलांडली. प्रेमचंदांच्या वाचकाला शोकान्ताने मोकळे केले, रायांच्या प्रेक्षकाला मात्र कशानेच मोकळे केले जात नाही. उठून जाण्याची इच्छा येथे रसभंगाचे लक्षण नाही. चित्रपट समजल्याची ती खूण आहे.

अध्यापनाच्या निमित्ताने या शहरात आल्यावर विद्यार्थ्यांसमवेत हा चित्रपट मी पुन्हा पाहिला. त्या अखेरच्या दृश्यात मला स्वतःला उठून जावेसे वाटले, हे येथे नमूद केले पाहिजे. मी लखनौचा नाही. अवधचे दुःख माझ्यासाठी ‘परगत’ असायला हवे होते. मग ते ‘स्वगत’ कोठून झाले? उत्तर फार दूर नाही. लखनौहून शंभर किलोमीटरच्या आत ब्रह्मावर्त, म्हणजे बिठूर आहे. १८१८ मध्ये शरण आलेला दुसरा बाजीराव १८५१ पर्यंत तेथे पेन्शनीवर जगला. ज्या डलहौसीने अवध घेतले, त्याच्याच कारकिर्दीत बाजीरावाची पेन्शन नानासाहेबास नाकारली गेली. मराठीने आपल्या अखेरच्या पेशव्याला ‘पळपुटा’ हे विशेषण देऊन ठेवले आहे. उठून गेलेल्या माणसासाठी याहून बोचरा शब्द भाषेत नसेल. वाजिद अलीचा विलास आणि बाजीरावाचा विलास ही दोन राज्यांच्या अस्ताची एकच ठरीव कारणमीमांसा आहे. दोन्हींवर इंग्रज लेखकांची छाप आहे आणि दोन्हींत थोडे तथ्यही आहे. ना. सं. इनामदारांना ‘मंत्रावेगळा’ लिहून बाजीरावाचा फेरविचार करावासा वाटला, त्यामागची अस्वस्थता खन्नांच्या अस्वस्थतेहून फार वेगळी नसावी.

पुण्याचा मिलेटस-प्रसंग याआधीच घडून गेला होता. विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने केला. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे. नाना फडणवीसांचे आणि पुण्यातील ब्राह्मणांचे चित्रण अवमानकारक असल्याचा गदारोळ उठला. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेच्या अध्यक्षांनी नाटक थांबवले. कलावंत बाहेर पडले, १९७३ मध्ये त्यांनी थिएटर अकॅडमी स्थापन केली आणि नाटक पुन्हा उभे केले. येथे प्रेक्षक उठला नाही, संस्थाच उठली. पुढे नटमंडळीही उठली, पण नाटक करण्यासाठी. नाटकातला घाशीराम हा कनोजहून आलेला ब्राह्मण, म्हणजे याच मुलखातला. स्वतःच्या शहराचा अधःपात पाहवत नाही तेव्हा दोष बाहेरून आलेल्याच्या माथी मारण्याची सोय असते. तेंडुलकरांनी ती सोय पुणेकरांना दिली आणि लगेच काढूनही घेतली, कारण कोतवाल घडवणारा नाना पुण्याचाच होता. या बाबतीत तेंडुलकर आणि राय यांची जात एक आहे.

प्रेमचंदांचे स्वतःचे वर्तनही या संदर्भात बोलके आहे. १९३४ साली ते अजंठा सिनेटोनसाठी मुंबईस आले, ‘मजदूर’ची कथा लिहिली, आणि चित्रव्यवसायाला विटून १९३५ मध्ये परतले. पुढल्याच वर्षी, एप्रिल १९३६ मध्ये, लखनौ येथील प्रगतिशील लेखक संघाच्या पहिल्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. तेथील भाषणात त्यांनी सौंदर्याची कसोटीच बदलण्याची मागणी केली आणि निजवणारे नव्हे तर अस्वस्थ करणारे साहित्य हवे असे प्रतिपादन केले. चित्रनगरीतून उठून आलेल्या लेखकाने वाचकाला मात्र अस्वस्थपणे बसून राहण्याचे आवाहन केले. यात विसंगती नाही. कंटाळ्यातून उठणे आणि लाजेपायी उठणे यांतला भेद त्याला नेमका ठाऊक होता.

लखनौत कैसरबागेत वाजिद अलीच्या परीखान्याची इमारत आहे. १९२६ साली पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून या शहरात जे संगीत महाविद्यालय निघाले, ते पुढे याच वास्तूत नांदले आणि आज विद्यापीठ झाले आहे. ज्या विलासाला राज्यनाशाचे कारण ठरवले गेले, त्याच विलासाच्या घरात एका मराठी माणसाने उभारलेली विद्या शिकवली जाते. रायांच्या चित्रपटावरील वाद एका वाक्यात मिटवण्याचा मोह येथे होतो, परंतु तो आवरलेला बरा. परीखान्यातले गाणे टिकले म्हणून गेलेले राज्य समर्थनीय ठरत नाही आणि राज्य गेले म्हणून गाणे दोषी ठरत नाही.

तौलनिक साहित्याभ्यासात अभिग्रहणाचा विचार करताना आपण वाचकाच्या अपेक्षांचे क्षितिज, त्याचा आस्वाद, त्याची सहृदयता यांविषयी पुष्कळ लिहिले आहे. या सर्व संकल्पना बसलेल्या माणसाला अनुलक्षून घडल्या आहेत. अर्धवट उठलेला, खुर्चीच्या हातावर भार देऊन थबकलेला प्रेक्षकही आपल्या अभ्यासाचा विषय व्हावयास हवा. नाट्यशास्त्राच्या कथेत ब्रह्मदेवाने जर्जर बाजूस ठेवून विघ्नांना विचारले की, तुम्हांस नेमके काय लागले? हा प्रश्न समीक्षेने अद्याप पुरेशा गांभीर्याने विचारलेला नाही. तो विचारला, तर अपमान आणि लाज यांतली सरहद्द कोठे आहे, हे निदान ज्याचे त्याला पडताळून पाहता येईल. त्या दिवशी मी उठलो नाही. दिवे लागल्यावरही काही क्षण कोणी उठले नाही. त्या क्षणांत कोण कशासाठी बसले होते, हे मी विद्यार्थ्यांना विचारावयास हवे होते.