टॅरंटुला उताणा पडलाय? थांबा, हात लावू नका! पाळीव कोळी खरंच आजारी आहे हे ओळखायचं कसं?

सकाळी डबा बघितला तर आत टॅरंटुला पाठीवर पडलेला, आठही पाय वर. नवख्या पाळणाऱ्याच्या पोटात गोळाच येतो. कुणी काडीने ढोसून बघतं, कुणी सरळ करायला जातं, तर कुणी मेला समजून टाकूनही देतं. पण बहुतेक वेळा हा कोळी आजारी नसतो, तो कात टाकत असतो. आणि नेमक्या त्याच वेळी केलेली मदत त्याच्या जिवावर बेतते.

टॅरंटुलाचा सांगाडा म्हणजे त्याचं बाहेरचं कवच. वाढायचं तर जुनं कवच सोडावंच लागतं. त्याआधी तो खाणं बंद करतो, लहान पिल्लू काही दिवस तर मोठी मादी कधी कधी चक्क काही महिने. पोटावरचे केस झडून टक्कल पडलेलं असेल तर ती जागा काळी पडत जाते. मग एक दिवस तो जाळ्याची गादी विणून त्यावर उताणा होतो आणि जुन्या कातीतून एकेक पाय ओढून काढतो. पिल्लाचं हे काम लवकर आटपतं, मोठ्याला कित्येक तास लागतात. नव्या अंगाचा कोळी मऊ असतो, सुळेसुद्धा पांढरे असतात. ते काळे होईपर्यंत त्याला खायला द्यायचं नाही. डब्यात सोडलेला रातकिडा आधीच बाहेर काढायचा, कारण भुकेला रातकिडा मऊ पडलेल्या कोळ्यालाच कुरतडतो.

मग खरं संकट दिसतं कसं? एक खूण लक्षात ठेवली तरी पुष्कळ आहे. मरायला टेकलेला टॅरंटुला सहसा उताणा पडत नाही. तो पायांवरच असतो, पण पाय मुठीसारखे अंगाखाली वळलेले असतात. कोळ्याला पाय आत ओढायला स्नायू आहेत, पण मोठे सांधे सरळ करायला स्नायूच नाहीत. ते काम अंगातल्या द्रवाच्या दाबाने होतं, जेसीबीच्या हातासारखं. अंगातलं पाणी कमी झालं की दाब पडतो आणि पाय आत वळतात. सोबत पोट सुरकुतलेलं दिसलं तर तहान हेच कारण धरून चालायचं.

उपाय साधा आहे. उथळ बशीत पाणी घ्यायचं आणि कोळ्याचा पुढचा भाग, म्हणजे तोंड, पाण्याच्या कडेला टेकेल असा त्याला ठेवायचा. पोट मात्र पाण्याबाहेर हवं, कारण श्वास घ्यायची फुफ्फुसं पोटाच्या खालच्या बाजूला असतात. ओल्या टिश्यूच्या बंद डब्यात कोळी ठेवायचा, ज्याला हौशी मंडळी ‘आयसीयू’ म्हणतात, हा जुना उपाय अनुभवी पाळणारे आता टाळतात. कोंदट हवेने त्रास वाढतो आणि पाणी तर तोंडानेच प्यावं लागतं.

आता मानपाड्याकडे या. ठाणे जिल्ह्यात मानपाडे दोन, एक घोडबंदर रोडचं आणि दुसरं डोंबिवली पूर्वेचं. हवा दोन्हीकडची सारखीच. मे महिन्यात बंद फ्लॅटमधला छोटा डबा एका दिवसात कोरडा पडतो, तेव्हा तहानेकडे लक्ष हवं. पावसाळ्यात सगळं उलटं होतं. हवेतच इतका दमटपणा असतो की रोज पाणी शिंपडलं की कोकोपीटला बुरशी येते, उरलेल्या खाण्यावर पांढरे बारीक माइट्स फिरू लागतात. मातीत फिरणारे माइट्स सहसा निरुपद्रवी असतात. तोंडाशी किंवा फुफ्फुसांच्या फटींशी त्यांचे पुंजके दिसले तर मात्र खालची माती बदलायची, डबा कोरडा करायचा आणि उरलंसुरलं खाणं उचलायचं.

त्याच दिवसांत डासांसाठी धूरफवारणी होते, सोसायटीचं पेस्ट कंट्रोल येतं, घरात कॉइल आणि लिक्विड चालू असतं. यातली बरीच औषधं किड्यांच्या मज्जासंस्थेवर काम करतात आणि कोळ्याच्याही. पाय थरथरणं, अडखळत चालणं, पाय एकमेकांत अडकणं, भक्ष्य समोर असून पकडता न येणं अशी लक्षणं दिसली तर विषबाधेचा संशय घ्यावा. यावर उतारा नाही. दुसऱ्या खोलीत, मोकळ्या हवेत, नव्या मातीवर आणि पाण्याजवळ ठेवायचं, एवढंच हातात असतं. स्वयंपाकघरातलं किंवा गटारातलं झुरळ फुकट मिळतं म्हणून कोळ्याला घालू नका, त्याने जेल आधीच खाल्लेलं असू शकतं.

उंचावरून पडल्याने होणारी इजा तर सरळ टाळता येते. जमिनीवर राहणाऱ्या जातींचं पोट जड असतं, हातातून पडला तरी फुटू शकतं. म्हणून डबा बुटका हवा. छोट्या जखमेतून पारदर्शक, निळसर द्रव येत असेल तर त्यावर चिमूटभर कॉर्नफ्लॉवर दाबतात. तुटलेला पाय पुढच्या काती-दोन कातींत परत येतो.

एका रोगापुढे मात्र सगळे हतबल आहेत. तोंडाभोवती पांढरा चिकट थर, आठवडेच्या आठवडे उपास आणि कातीचं एकही लक्षण नाही, तर सूत्रकृमींची शंका घ्यावी. अमेरिकेत एका ब्रीडरचे टॅरंटुला असेच मरत होते. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, रिव्हरसाइडच्या संशोधकांनी त्यातून नवी जात शोधली आणि २०२२ मध्ये तिचं नाव ठेवलं टॅरंटोबेलस जेफडॅनियल्सी. ‘अरॅक्नोफोबिया’ (१९९०) या कोळ्यांच्या सिनेमातल्या जेफ डॅनियल्सच्या नावावरून! कृमी तोंडाशी बसतात, सुळ्यांची हालचाल बिघडते आणि कोळी हळूहळू उपाशी मरतो. खात्रीचं औषध नाही. असा कोळी लगेच वेगळा ठेवायचा, त्याचा चिमटा आणि पाण्याची बशी दुसऱ्याला वापरायची नाही.

नर असेल तर आणखी एक गोष्ट. शेवटची कात टाकल्यावर तो बारीक होतो, खात नाही, डब्यात सतत फेऱ्या मारतो. हे म्हातारपण आहे. मादी पंधरा-वीस वर्षंही जगते, प्रौढ नर बहुधा वर्ष-दीड वर्षात जातो.

डॉक्टरकडे न्यायचं तर पक्षी-कासवं बघणारे पशुवैद्य गाठावे लागतात. आणि तेव्हा कागदांचा प्रश्न येतो. मेक्सिकोचे ब्रॅकिपेल्मा आणि आपल्याकडचे पोइसिलोथेरिया ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. वन्यजीव कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिच्या चौथ्या अनुसूचीतल्या जिवंत प्राण्यांची नोंद ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते, त्यासाठीचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आले. पोस्टाने मागवलं की काम झालं, असं समजू नका. जुलै २०२१ मध्ये चेन्नईत कस्टम्सने पोलंडहून आलेल्या एका पार्सलमधून १०७ जिवंत कोळी पकडले. प्लास्टिकच्या छोट्या कुप्यांत भरलेले हे कोळी परत पाठवायचा आदेश निघाला.

घोडबंदरच्या मानपाड्याला तर जंगल खेटूनच आहे, येऊरचे डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातच येतात. पावसाळ्यात भिंतीवर मोठा केसाळ कोळी दिसला तर तो आजारी म्हणून किंवा फुकट मिळाला म्हणून डब्यात भरू नका. सह्याद्रीतल्या पोइसिलोथेरियाच्या चाव्याने माणूस मरत नाही, पण स्नायूंचे गोळे काही दिवस पिच्छा सोडत नाहीत. वनविभागाची हेल्पलाइन आहे १९२६.