अंगठ्याकडून मनगटाकडे

एकलव्याची गोष्ट आपल्याकडं बहुतेक सगळे अंगठ्यापाशीच थांबवतात. द्रोणांनी मागितला, पोरानं कापून दिला, ऐकणारा हळहळला, संपली गोष्ट. आदिपर्व मात्र तिथं थांबत नाही. त्यानंतर एकलव्य बोटांनी दोरी ओढू लागला, पण हाताला पूर्वीची चपळाई राहिली नाही, असं ते पुढं सांगतं. हे सांगणाऱ्यानं धनुष्य नक्की हातात धरलेलं असणार. नुसती करुणा हवी असती, तर रक्ताच्या धारेवर काम भागलं असतं. एकलव्याचं धनुष्य सुटलं नाही, दोरी धरायची रीत बदलली, आणि रीत बदलल्यानं वेग गेला, इतका बारकावा त्यात आहे.

अंगठ्याची रीत अशी: अंगठा दोरीभोवती वळवायचा आणि तर्जनीनं त्याचं टोक दाबून ठेवायचं. बाण सोडायचा तेव्हा तर्जनी ढिली केली की झालं. बोटांच्या रीतीत दोरी दोन किंवा तीन बोटांच्या पेरांवर बसते आणि ती सगळी बोटं एकाच क्षणी सुटावी लागतात. एक जरी रेंगाळलं, तरी दोरी तिरकी घसरते. आजचे भिल्ल तिरंदाज अंगठा न लावता बोटांनीच बाण ओढतात आणि हा एकलव्याचा मान आहे असं सांगतात. द्रोणांनी काय मागून घेतलं होतं, हे त्यांच्याइतकं नेमकं कुणाला कळलं असेल?

पण अंगठा शाबूत असला, तरी ताठ धनुष्याची दोरी त्याचं कातडं सोलून काढते. म्हणून महाभारतातले योद्धे युद्धाला निघतात ते गोधा आणि अंगुलित्राण बांधून. गोधा डाव्या हाताला दोरीच्या फटक्यापासून वाचवते, अंगुलित्राण उजव्या हाताच्या बोटांना. आज अमेरिकेतला शिकारी हरणाच्या मोसमात मनगटाला जो पट्टा आवळतो, ज्याला तिरंदाज नुसतं ‘रिलीज’ म्हणतात, त्याचं कुळ इथून मोजायला हरकत नाही.

चीनमध्ये आन्यांगजवळ 1976 साली फू हाओची कबर उघडली. ही शांग राजा वू दिंगची राणी आणि त्याच्या फौजांची सेनापतीही, काळ इसवी सनापूर्वी 1200च्या आसपासचा. तिच्याबरोबर पुरलेल्या वस्तूंत जेडची एक जाड अंगठी होती, बोटातली नव्हे, अंगठ्यातली, आणि तिच्यावर दोरी बसायला खाच कोरलेली. दोरी सोडण्यासाठी केलेल्या जुन्यात जुन्या ज्ञात साधनांपैकी एक असं एका बाईच्या कबरीत सापडलं. आपल्याकडच्या धनुर्धरांच्या यादीत बायका शोधाव्या लागतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

अशी अंगठी मध्य आशियातल्या घोडेस्वारांनी वापरली, तुर्कांनी वापरली, मुघलांनीही. तिला फारसीत जिहगीर म्हणत. तिची एक बाजू ओठासारखी पुढं आलेली असते. दोरी त्या ओठामागं बसते, तर्जनी सैल झाली की गुळगुळीत दगडावरून सुळकन निसटते. कातड्यापेक्षा दगड चांगला, कारण त्याला घाम येत नाही आणि तो मऊ पडत नाही. शाहजहानचा किताब कोरलेली पांढऱ्या जेडची अशी अंगठी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. बादशहाच्या हातात ती दागिना होती हे खरं, पण मुळात ती अवजार होती.

त्या जमान्यातली धनुष्यं बघायला आम्हा उमरीकरांना लंडनला जायची गरज नाही. मुदखेडमार्गे रेल्वेनं नांदेड गाठलं की झालं. 1708 साली गुरू गोविंदसिंग नांदेडला होते. बंदा बहादूरला पंजाबकडं धाडताना त्यांनी आपल्या भात्यातले पाच बाण दिले, असं शीख परंपरा सांगते. हुजूर साहिबच्या तख्तात गुरूंची शस्त्रं जपलेली आहेत आणि त्यांत धनुष्यबाणही आहेत. गोदाकाठच्या एका गुरुद्वाऱ्याचं नावच शिकारघाट आहे. धनुष्य, शिकार आणि नांदेड हा मेळ अमेरिकेच्या मासिकांतून आयात केलेला नाही, एवढंच म्हणायचं आहे. उत्तरेला माहूर. तिथल्या रेणुकामातेची अनुशासनपर्वातली कथाही तिरंदाजीचीच आहे: जमदग्नी बाण मारायचे आणि ती गोळा करून आणायची. ऐन उन्हात तिचे पाय भाजले, उशीर झाला, ऋषी सूर्यावरच बाण रोखून उभे राहिले. सूर्यानं घाबरून छत्री आणि पादत्राणं दिली. बाण वेचून आणणं हे सरावातलं सगळ्यात कंटाळवाणं काम, ते कुणाच्या वाट्याला येतं हे पुराणकाळातही ठरलेलंच होतं.

इथवर दोरी आणि हात यांच्यामध्ये फक्त चामडं किंवा दगड होता. दोरी अडकवून ठेवणारं आणि बोटाच्या हलक्या दाबानं सोडणारं यंत्र आधी आलं ते वेगळ्या घरात. पहिल्या चिनी सम्राटाच्या शिआनजवळच्या मातीच्या सैन्यात काशाचे ट्रिगर सापडले आहेत, आडव्या धनुष्याचे म्हणजे क्रॉसबोचे. दोन हजार वर्षांहून जुने आहेत. पण साध्या धनुष्याला असं यंत्र फार काळ कुणी लावलं नाही. तशी गरजच पडली नाही.

मधल्या काळात या रीतींची नीट वर्गवारी करणारा माणूस निघाला एक प्राणिशास्त्रज्ञ, एडवर्ड मोर्स. जपानमध्ये राहून आलेला हा अमेरिकन आपल्या जपानी मित्राबरोबर बाण मारत होता, तेव्हा मित्राची दोरी धरायची रीत आपल्याहून पार वेगळी आहे हे त्याच्या लक्षात आलं. शिंपले तपासावेत तसं त्यानं जगभरचे हात तपासले आणि 1885 साली निबंध लिहिला. नुसती चिमूट म्हणजे प्राथमिक, तीन बोटांची भूमध्यसागरी, अंगठ्याची मंगोल, अशी त्यानं दिलेली नावं अजून चालतात.

शिकारीच्या बाजूनं मात्र गोष्ट कॅलिफोर्नियात सुरू होते. 1911 साली इशी नावाचा, ‘याही’ जमातीतला एकटा उरलेला माणूस डोंगरातून खाली आला. विद्यापीठाच्या इस्पितळातल्या सॅक्स्टन पोप या डॉक्टरनं त्याच्याकडून धनुष्य शिकून घेतलं. इशीही अंगठ्यानंच ओढायचा. पोपनं 1923 साली धनुष्यानं शिकार करण्यावर पुस्तक लिहिलं आणि गोऱ्या अमेरिकेला हा नाद लागला. 1934 साली विस्कॉन्सिन राज्यानं बाणानं हरीण मारायचा वेगळा मोसम सुरू केला. या शिकाऱ्यांकडं बंदूक असतेच. धनुष्य ते हौसेनं निवडतात. म्हणून त्यांना जुनी रीत हवी असते आणि नवं यंत्रही.

नवं यंत्र दिलं होलेस विल्बर ॲलन या मिझुरीच्या माणसानं. त्यानं आपल्या धनुष्याची दोन्ही टोकं करवतीनं कापली आणि तिथं चाकं बसवली. 1966 साली पेटंटचा अर्ज केला, 1969 अखेर ते मिळालं. हे कंपाउंड धनुष्य. चाकांमुळं दोरी मधल्या टप्प्यात जड लागते आणि पूर्ण ओढल्यावर हलकी होते. स्पर्धेत 60 पौंडांपर्यंतचं कंपाउंड चालतं. ते शेवटाला पंधराएक पौंडांवर धरून ठेवता येतं. हरीण झाडाआडून बाहेर येईपर्यंत शिकारी नेम धरून थांबू शकतो.

पण ॲलनच्या चाकांनी एक नवी अडचणही उभी केली. धनुष्य आखूड झालं, त्यामुळं पूर्ण ओढलेली दोरी बाणामागं टोकदार कोनात येते आणि तीन बोटं त्या कोनात चिरडली जातात. शिवाय बोटांवरून घसरताना दोरी आडवी हलते आणि बाण धनुष्याला वळसा घालत सापासारखा वळवळत निघतो. बेल लॅबोरेटरीतल्या क्लॅरेन्स हिकमन यांनी 1930च्या दशकात वेगवान कॅमेऱ्यानं ही वळवळ टिपली होती. बोटंच काढून घेतली, तर दोरी सरळ सुटेल हे उघड होतं.

म्हणून रिलीज. त्याच्या पुढच्या टोकाला चिमट्यासारखे दोन बारीक जबडे असतात. ते थेट दोरीला न लावता बाणामागं दोरीवर बांधलेल्या छोट्या फाशात, ज्याला डी-लूप म्हणतात त्यात, अडकवतात. जबड्यांमागं दांडी, दांडीवर तर्जनीसाठी ट्रिगर, दांडीचं दुसरं टोक मनगटाच्या पट्ट्यात. शिकाऱ्यांना मनगटाचाच पट्टा का आवडला, हे समजून घ्यायला गोफण पुरेशी आहे. ज्वारीच्या रानात माळ्यावर बसून पाखरं उडवणाऱ्यानं गोफणीच्या एका दोरीचा फास बोटात घातलेला असतो, दुसरीचं टोक चिमटीत. ओढ फासावर येते, सोडायला चिमूट पुरते. रिलीजमध्येही सगळा ताण पट्ट्यावर, मनगटाच्या हाडांवर जातो. पंजा मोकळा राहतो, तर्जनीला फक्त ट्रिगर सांभाळायचा असतो. थंडीत हातमोजे घालून झाडावरच्या मचाणीत तासन् तास बसलेल्या माणसाच्या हातातून हा चिमटा खाली पडत नाही आणि हरणावरची नजर न काढता तो चाचपडून डी-लूपला लावता येतो.

मैदानी तिरंदाजांना यात खोट दिसली. तर्जनी फार उतावीळ असते. सोनेरी वर्तुळ दिसलं रे दिसलं की ती ट्रिगरला झटका देते आणि हातही हलतो. ही सवय जडली की भल्याभल्यांचा नेम बसत नाही. तिरंदाज त्याला ‘टार्गेट पॅनिक’ म्हणतात. उपाय म्हणून ट्रिगरच नसलेले रिलीज आले. पंजात धरायचे, पाठीचे स्नायू आवळत न्यायचे, हळूहळू फिरत रिलीज आपोआप निसटतो, नेमका कधी ते तिरंदाजालाही ठाऊक नसतं. अमेरिकेतल्या मेल स्टॅनिस्लॉस्की यांचं नाव या घराण्याशी जोडलेलं आहे. अंगठ्याच्या बटणाचा प्रकारही आला, म्हणजे एवढी यंत्रं फिरून काम पुन्हा अंगठ्याकडंच. मला विचाराल तर नवशिक्यानं मनगटाचा पट्टा घ्यावा, पण तर्जनी ताब्यात ठेवायची शिस्त आधी लावून घ्यावी.

1995च्या जकार्ता जागतिक स्पर्धेत कंपाउंडला पहिल्यांदा जागा मिळाली. रिकर्व्हमध्ये, म्हणजे बिनचाकांच्या धनुष्याच्या प्रकारात, मात्र यंत्र अजूनही चालत नाही, तिथं बोटावर चामड्याचा टॅब. आपल्याकडं 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीचा दरवाजा बंद केलेला आहे. त्यामुळं शिकाऱ्यांसाठी घडलेली ही वस्तू भारतात आली ती सरळ मैदानावर. 5 ऑगस्ट 2023 रोजी बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत तिचं काय झालं ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. साताऱ्याच्या सतरा वर्षांच्या अदिती स्वामीनं मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेराला 149-147 असं हरवलं. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेनं पोलंडच्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध पंधराच्या पंधरा बाण दहाच्या वर्तुळात मारले, 150 पैकी 150. पन्नास मीटरवरचं दहाचं वर्तुळ आठ सेंटिमीटरचं असतं, म्हणजे दिसतच नाही म्हणा. दोघंही साताऱ्यात प्रवीण सावंतांकडं शिकलेले. पुढं हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ओजसनं तीन सुवर्णं घेतली.

किश्तवाडच्या शीतल देवीला जन्मतः हात नाहीत. धनुष्य ती पायानं धरते, दोरी ओढते ती खांद्याला बांधलेल्या रिलीजनं, आणि सोडते तोंडानं. अमेरिकेचे मॅट स्टुट्झमन तिच्याआधी असंच पायानं धनुष्य धरून बाण मारत आले होते. 2024च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये शीतलनं राकेश कुमारबरोबर मिश्र सांघिक कांस्य जिंकलं. मनगटच नसेल तर पट्टा कुठं बांधायचा, हा प्रश्न त्या दोघांनी आपापल्या परीनं सोडवला.

ऑलिंपिकनं कंपाउंडला इतकी वर्षं बाहेरच ठेवलं होतं. 2028 साली लॉस एंजेलिसला मिश्र सांघिक प्रकारात त्याला प्रवेश आहे. पोपनं इशीकडून धनुष्य शिकलं त्याच कॅलिफोर्नियात सातारा-नागपूरची पोरं उतरली, तर अमेरिकन शिकाऱ्यांचंच यंत्र घेऊन ती अमेरिकेच्या जोडीसमोर उभी राहतील.