निवृत्तीनंतरचे काम : हवे, पण बेताचे

निरोप समारंभातील शाल आणि श्रीफळ घेऊन घरी आलेला माणूस पहिले दोन-तीन महिने सुखात असतो. राहून गेलेल्या यात्रा होतात, गावाकडच्या घराची डागडुजी होते, बँकेची आणि भविष्यनिर्वाह निधीची कागदपत्रे मार्गी लागतात. त्यानंतर मात्र सकाळचे वर्तमानपत्र वाचून संपले की उरलेला दिवस अंगावर येऊ लागतो. घरातील इतरांच्या वेळा ठरलेल्या असतात. केवळ आपल्याच दिवसाची चौकट निखळली आहे, ही जाणीव अनेकांना पैशाच्या चणचणीपेक्षाही अधिक सलते.

महाराष्ट्र शासनाच्या बहुसंख्य कर्मचाऱ्यांचे निवृत्तीचे वय ५८ वर्षे, तर केंद्रीय कर्मचाऱ्यांचे १९९८ पासून ६० वर्षे आहे. प्रकृती साथ देत असेल तर या वयानंतरही बरीच वर्षे काम करण्याची उमेद असते. पूर्णवेळ नोकरी नको असते आणि रिकामपणही नको असते. अर्धवेळ काम हा त्यातील मधला मार्ग होय. तो आनंदाचा ठरतो की नव्या ओझ्याचा, हे काम कोणते आहे यापेक्षा त्या कामाचे माप कोणाच्या हाती आहे, यावर अधिक अवलंबून असते.

आधी गरज ओळखावी

निवृत्तांची परिस्थिती एकसारखी नसते. सरकारी सेवेतून जुन्या पद्धतीचे निवृत्तिवेतन मिळवणारा आणि खासगी कारखान्यातून बाहेर पडलेला कामगार यांच्यात मोठे अंतर आहे. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ खालील किमान निवृत्तिवेतन २०१४ मध्ये दरमहा १,००० रुपये ठरवण्यात आले. एवढ्यावर ज्याला भागवायचे आहे, त्याच्यासाठी अर्धवेळ काम हा विरंगुळा नसून निकड असते. त्याने मानधनाचा विचार आधी करणे योग्यच ठरते.

ज्यांना पैशाची तेवढी विवंचना नाही, त्यांनीही आपल्याला नेमके काय हवे आहे ते स्वतःशी स्पष्ट करावे. कोणाला माणसांची सोबत हवी असते, कोणाला आपण उपयोगी आहोत असे वाटायला हवे असते, तर कोणाला आयुष्यभर बाजूला पडलेली आवड जोपासायची असते. माणसांची ओढ असलेल्याने घरी बसून हिशेब तपासण्याचे काम घेतले, तर पैसे मिळूनही एकटेपण सरत नाही. उलट ज्याला शांतता हवी आहे, त्याला दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकण्याचे काम लवकरच नकोसे होते.

पदापेक्षा कौशल्य

काम शोधताना सर्वांत मोठा अडसर ठरतो तो जुन्या पदाचा. शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालेल्यास तशीच खुर्ची पुन्हा मिळणे कठीण असते. पण कर्जाची कागदपत्रे सोप्या भाषेत समजावून सांगण्याची त्याची हातोटी अनेकांना हवी असते. मुख्य लिपिकाला अर्ज, टिपणी आणि इतिवृत्त लिहिण्याची सवय असते. परिचारिकेला रुग्णाची काळजी घरच्यांना शिकवता येते. यंत्रशाळेतील कुशल कारागीर नवशिक्यांच्या हाताला वळण लावू शकतो. म्हणूनच आपण कोण होतो, याऐवजी आपल्याला काय येते, याची यादी करणे अधिक फलदायी असते. जेथे वरिष्ठ वयाने निम्मा असेल, तेथे त्याच्या सूचना ऐकून घेण्याची मनाची तयारीही हवी.

निवृत्त स्त्रियांपुढे आणखी एक प्रश्न असतो. नोकरी सुटली म्हणजे आता नातवंडे आणि स्वयंपाक यांसाठी पूर्ण वेळ मोकळा झाला, असे घरात गृहीत धरले जाते. नातवंडांचा सहवास आनंदाचा असला, तरी आठवड्यातील कोणते तास स्वतःच्या कामाचे, हे घरातील सर्वांशी आधीच बोलून ठेवणे हिताचे असते.

कामे कोठे असतात?

शिकवणी हे सर्वांत परिचित काम. चार-पाच मुलांचा गणिताचा किंवा इंग्रजीचा घरगुती वर्ग दिवसातील दीड-दोन तासांत भागतो. परदेशातील मराठी कुटुंबांतील मुलांना संगणकावरून मराठी शिकवण्याचीही सोय आता झाली आहे. पुण्यातील सकाळ ही अमेरिकेतील आदल्या दिवशीची संध्याकाळ असल्याने दोघांच्याही वेळा जुळतात.

सहकारी गृहनिर्माण संस्थांना सभांची इतिवृत्ते लिहिणे, थकबाकीच्या नोंदी ठेवणे आणि लेखापरीक्षणासाठी कागदपत्रे तयार ठेवणे यांसाठी विश्वासू माणूस लागतो. भाषेवर पकड असणाऱ्यांना मुद्रितशोधन आणि अनुवाद ही कामे मिळू शकतात. दिवाळी अंकांच्या तयारीच्या दिवसांत मुद्रितशोधकांची निकड वाढते. सार्वजनिक ग्रंथालयांतील देवघेवीचे काम अल्प मानधनाचे असते, पण वाचकांशी होणाऱ्या गप्पा हीच तेथील मोठी कमाई असते. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करणे, हे काम बहुधा विनामोबदला असले तरी ते करणाऱ्याला समाधान देऊन जाते.

निवृत्तीनंतर नवे कौशल्य शिकूनही काम मिळवता येते, याचे बोलके उदाहरण म्हणजे मोडी लिपी. जमिनीचे, वतनाचे आणि देवस्थानांचे असंख्य जुने दस्तऐवज या लिपीत आहेत. २०२३ मध्ये राज्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची उणीव प्रकर्षाने जाणवली. ही लिपी शिकवणारे वर्ग राज्याचा पुराभिलेख विभाग आणि इतिहासविषयक संस्था भरवत असतात. चिकाटी आणि भरपूर सराव एवढेच भांडवल तिला लागते, आणि निवृत्तांपाशी सरावाला वेळ असतो.

जपानमधील व्यवस्था

अशा कामांची जुळवाजुळव आपल्याकडे बहुतांशी ओळखीपाळखीतून होते. जपानने त्यासाठी स्वतंत्र व्यवस्था उभी केली. १९७५ मध्ये टोकियोत सुरू झालेल्या प्रयोगातून तेथे 'रौप्य मनुष्यबळ केंद्रे' उभी राहिली आणि १९८६ च्या कायद्याने त्यांना मान्यता मिळाली. साधारण ६० वर्षांवरील व्यक्ती या केंद्रांच्या सभासद होतात. बागेतील झाडांची छाटणी, कागदी सरकत्या दारांची दुरुस्ती, पाकिटांवर पत्ते लिहिणे, सायकलतळाची देखभाल अशी कामे केंद्र मिळवते आणि सभासदांत वाटून देते. काम महिन्यातून सुमारे दहा दिवस किंवा आठवड्याला सुमारे वीस तास, एवढेच असावे असा दंडक आहे. कामाला मर्यादा घालणे हा या व्यवस्थेचा गाभा आहे.

भारतात केंद्र सरकारने १ ऑक्टोबर २०२१ रोजी 'सेक्रेड' नावाचे संकेतस्थळ ज्येष्ठांच्या पुनर्रोजगारासाठी सुरू केले. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. महाराष्ट्रात गावोगावचे ज्येष्ठ नागरिक संघ आणि त्यांचा महासंघ 'फेसकॉम' यांच्यामार्फतही अनेकांच्या ओळखी होतात.

कर आणि नियम

निवृत्तिवेतन हे प्राप्तिकराच्या दृष्टीने वेतनाचे उत्पन्न मानले जाते. सल्ला किंवा तत्सम कामाचे मानधन मात्र सहसा व्यवसायाचे उत्पन्न ठरते. हा भेद महत्त्वाचा आहे. साठी ओलांडलेल्या निवासी नागरिकास व्यवसायाचे उत्पन्न नसेल तर अग्रिम कर भरावा लागत नाही. असे उत्पन्न सुरू झाले की ही सवलत जाते आणि देय कर ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक असल्यास तो हप्त्यांनी भरावा लागतो. पहिल्याच वर्षी करसल्लागारास विचारून घेतलेले बरे. केंद्र सरकारच्या 'अ' गटातील अधिकाऱ्यांना निवृत्तीनंतर एका वर्षाच्या आत व्यापारी स्वरूपाची नोकरी स्वीकारण्यासाठी पूर्वपरवानगी लागते, हेही ध्यानात ठेवावे.

सावधगिरी

'घरबसल्या टंकलेखन करा, भरपूर कमवा' अशा जाहिरातींमागे पुष्कळदा फसवणूक दडलेली असते. काम देण्यासाठी आधी नोंदणी शुल्क किंवा अनामत मागणाऱ्यास पैसे देऊ नयेत. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर तात्काळ तक्रार करावी. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

दुसरी जपणूक इतरांच्या बाबतीतली. २०२३ मध्ये राज्य शासनाने जिल्हा परिषदांच्या शाळांतील रिक्त जागी निवृत्त शिक्षकांना तात्पुरते नेमण्याचे ठरवले, तेव्हा अध्यापनाची पात्रता मिळवूनही नोकरीविना असलेल्या तरुणांनी नाराजी व्यक्त केली. ती अनाठायी नव्हती. तरुणाच्या पूर्णवेळ जागेवर कमी पैशांत बसण्याऐवजी त्याला शिकवणारे, पूरक ठरणारे काम निवडले, तर अनुभवाचे मोलही राहते आणि कोणाच्या तोंडचा घासही जात नाही.

काम स्वीकारताना तास, सुट्ट्या, मानधन आणि ते मिळण्याची तारीख या चार गोष्टी लेखी ठरवाव्यात. ओळखीच्या माणसाकडे काम असेल तर त्या आवर्जून लिहून घ्याव्यात, कारण 'घरचेच काम' म्हणत वेळ वाढत जातो. पहिला महिना चाचणीचा समजावा. महिन्याअखेरीस सकाळी कामावर निघताना उत्साह वाटतो की कंटाळा, याचे प्रामाणिक उत्तर पुढचा निर्णय सोपा करते. नोकरीच्या काळात 'हे मला जमणार नाही' म्हणण्याची सोय क्वचितच असते. पोटापुरते उत्पन्न असलेल्या निवृत्ताला ती प्रथमच लाभते. तिच्या बळावरच बेताचे काम आनंदाचे राहते.