दिल्लीची धाव : जासुदांच्या जोडीपासून रविवारच्या मेळ्यापर्यंत

दिल्लीचा आणि मराठी माणसाचा संबंध सांगावयाचा म्हटला की आपण सहसा घोड्यावर स्वार होतो. १७३७ च्या मार्च महिन्यात बाजीराव मोगल सरदारांना चकवून एकाएकी दिल्लीच्या वेशीशी येऊन उभे राहिले. १७७१ मध्ये महादजी शिंद्यांनी हे शहर हाती घेतले. आपल्या मंडळाच्या व्याख्यानांतून, नाटकांतून आणि घरोघरच्या गप्पांतूनही ही घोडदौड पुष्कळ वेळा झाली आहे. पायी धावणाऱ्यांची आठवण मात्र कोणी काढीत नाही. वस्तुतः दिल्ली आणि दख्खन यांना वर्षानुवर्षे एकमेकांशी जोडून ठेवण्यात त्यांचा वाटा मोठा होता.

पेशव्यांचे वकील म्हणून हिंगणे घराण्यातील पुरुष अठराव्या शतकात दिल्लीत राहात. बादशाही दरबारातील बारीकसारीक घडामोडी ते पुण्यास लिहून कळवीत आणि ती पत्रे घेऊन जासुदांची जोडी निघे. वाटेत एकास ताप आला वा लुटारूंनी गाठले, तर दुसऱ्याने पत्र पुढे न्यावे, ही त्यातली सोय. पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजी झाला. २४ जानेवारीस भेलशाजवळ, म्हणजे आजच्या विदिशेपाशी, सावकारी टपाल घेऊन निघालेला एक जासूद नानासाहेब पेशव्यांच्या छावणीस सापडला आणि मोती, मोहरा व खुर्दा यांच्या सांकेतिक भाषेतील पत्रातून झालेला अनर्थ त्यांना कळला. पानिपत ते भेलसे हे अंतर सरळ रेषेत मोजले तरी साडेसहाशे किलोमीटर भरते. बातमीने ते दहा दिवसांत कापले. पानिपतावर पडलेल्या सेनापतींची नावे आपल्या मुलांना पाठ असतात. ते पत्र घेऊन धावणाऱ्याचे नाव आपल्या कोणाच्या ओठांवर नाही.

जासूद, हरकारा, डाकवाला, शिपाई: दिल्लीत धावणे हे फार काळ पोटासाठी करावयाचे काम होते. सुखवस्तू माणसाने धावावे, ही कल्पनाच चमत्कारिक वाटे. इंग्रजांनी राजधानी येथे आणल्यावर क्लब निघाले; १९१३ मध्ये जिमखाना, १९२२ मध्ये रोशनारा. त्यांत टेनिस होते, क्रिकेट होते, ब्रिज होते. धावण्यास ना हिरवळ लागते ना वर्गणी. त्यामुळेच की काय, धावण्याचा म्हणून क्लब काढावा असे कोणाच्या मनात आले नाही. १९३३ मध्ये भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून आयर्विन अँफिथिएटर उभे राहिले व पुढच्याच वर्षी तेथे पश्चिम आशियाई क्रीडासामने झाले. हेच पुढे नॅशनल स्टेडियम झाले आणि २००२ पासून त्यास मेजर ध्यानचंदांचे नाव आहे. इंडिया गेटकडे फिरावयास गेलेल्या आपल्या मंडळींनी ते बाहेरून पाहिलेलेच असते.

त्याच मैदानावर मार्च १९५१ मध्ये पहिले आशियाई सामने झाले. फाळणीचे घाव ताजे होते, शहरात निर्वासितांच्या वसाहती नुकत्या वसत होत्या, आणि अशा वेळी अकरा राष्ट्रांचे खेळाडू येथे जमले. मॅरेथॉनमध्ये भारताच्या छोटासिंहांनी २ तास ४२ मिनिटे ५८.६ सेकंदांत सुवर्णपदक मिळविले आणि कांस्यपदक मिळाले ते सुरतसिंह माथुर या तरुणास. हे सुरतसिंह दिल्लीच्या वायव्य सीमेवरील महंमदपूर माजरी या खेड्यातले. पुढील वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये एमिल झाटोपेकने जी मॅरेथॉन जिंकली, तीत ते ५२ वे आले. स्वतंत्र भारताच्या वतीने ऑलिंपिक मॅरेथॉन पूर्ण करणारे ते पहिले धावपटू. त्यांच्याआधी, पारतंत्र्यात, हा मान बेळगावकडच्या फडेप्पा चौगुले यांनी मिळविला होता. १९१९ च्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत सर दोराबजी टाटांच्या नजरेत भरलेल्या खेळाडूंपैकी ते एक. १९२० मध्ये अँटवर्प येथे त्यांनी १९ वा क्रमांक पटकावला. अँटवर्पचा मार्ग नेहमीच्या मॅरेथॉनहून अर्ध्या किलोमीटरने अधिक लांब होता, हेही येथे नमूद करावयास हवे. चौगुले काय किंवा सुरतसिंह काय, दोघेही मातीतून आलेले. शहराने त्यांस टाळ्या दिल्या, पण शहर त्यांच्यामागून धावू लागले नाही.

आपले मंडळ स्थापन झाले त्या दशकातही ही स्थिती पालटली नव्हती. १९७६ मध्ये माँट्रियल येथे शिवनाथ सिंह हे बिहारचे सैनिक ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये अकरावे आले. १९७८ मध्ये जालंधर येथे त्यांनी २ तास १२ मिनिटांचा जो राष्ट्रीय विक्रम केला, तो चाळीस वर्षांहून अधिक काळ कोणास मोडता आला नाही. दिल्लीत मात्र पहाटे धावताना दिसे तो एकतर छावणीतला जवान नाही तर चोर, असे त्या वेळचे लोक विनोदाने म्हणत. सरकारी वसाहतींतील आपली कारकून व अधिकारी मंडळी कानटोपी घालून फिरावयास जात. पण तो ‘मॉर्निंग वॉक’, आणि त्याचा बराचसा भाग महागाईभत्त्याच्या चर्चेत संपे.

१९८२ च्या आशियाई सामन्यांनी शहराचा चेहरा बदलला. उड्डाणपूल आले, जवाहरलाल नेहरू स्टेडियम आले, घरात रंगीत दूरदर्शन आले. त्या दशकात ‘रथ’ या वनस्पती तुपाच्या नावाने दिल्लीत मॅरेथॉन भरू लागली. तूप विकणाऱ्याने लोकांस बेचाळीस किलोमीटर धावावयास लावावे, यातील गंमत कोणाच्या ध्यानी आली असेल तर तो खरा रसिक! पण याच काळात एक महत्त्वाची गोष्ट घडली. स्त्रियांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आली ती १९८४ मध्ये. १९८५ मध्ये आशा अग्रवाल जकार्ता येथे आशियाई विजेत्या ठरल्या व १९९२ मध्ये सुनीता गोदारा यांनीही आशियाई मॅरेथॉन जिंकली. स्त्रीने एवढे अंतर धावणे शरीरास अपायकारक, असे डॉक्टरही सांगत असत तो काळ काही फार मागचा नव्हे.

खरी कलाटणी मिळाली ती २००४-०५ मध्ये. फेब्रुवारी २००४ मध्ये मुंबई मॅरेथॉन सुरू झाली, ३ ऑक्टोबर २००४ रोजी जागतिक अर्धमॅरेथॉन स्पर्धा दिल्लीत झाली, आणि ऑक्टोबर २००५ पासून दिल्ली अर्धमॅरेथॉनचा परिपाठ पडला. २१ किलोमीटर ९७.५ मीटर. नेहरू स्टेडियमपासून लोदी रोड, इंडिया गेटचा परिसर आणि पुन्हा स्टेडियम. ज्या रस्त्यांवर एरव्ही मंत्र्यांच्या गाड्या आणि प्रजासत्ताकदिनाची पथके यांनाच मोकळी वाट मिळे, ते रस्ते एका सकाळपुरते शिक्षक, बँकेतले कर्मचारी, गृहिणी आणि सेवानिवृत्त यांच्या स्वाधीन झाले. हे साधेसुधे परिवर्तन नव्हते.

शर्यत वर्षातून एकदा. तयारीस चार महिने लागतात, आणि ती एकट्याने होत नाही. या गरजेतून धावकांची मंडळे निघाली. नेहरू पार्क, लोदी उद्यान, सिरी फोर्ट, कमला नेहरू रिज, संजय वन, गुडगावचे अरवली जैवविविधता उद्यान ही त्यांची ठाणी. कार्यालय नाही, घटना नाही, बहुधा वर्गणीही नाही. रविवारी पहाटे पाच वाजता कोणाच्या तरी मोटारीच्या डिकीत पाण्याचे डबे, केळी आणि मिठाच्या गोळ्या असतात, तेच कार्यालय. आठवड्यात एक दिवस लांब पल्ला, एक दिवस वेगाचा सराव, उरलेले दिवस सावकाश. धापा न टाकता शेजाऱ्याशी बोलता येईल इतक्याच गतीने धावावे, हा नवख्यास मिळणारा पहिला धडा. शर्यतीच्या दिवशी अनुभवी धावक पाठीवर वेळेची पाटी लावून ठरावीक गतीने धावतो, त्यास ‘पेसर’ म्हणतात. त्याच्यामागून निघालेल्या तांड्यास लोक प्रेमाने ‘बस’ म्हणतात. वारीतली दिंडी ज्याने पाहिली आहे, त्यास ही रचना समजावून सांगावी लागत नाही.

या मंडळांत मूळचे दिल्लीकर शोधूनच काढावे लागतात. तमिळ, बंगाली, मल्याळी, मराठी, असा नोकरीनिमित्त आलेल्यांचाच भरणा अधिक. पूर्वी बदली होऊन आलेला मराठी माणूस पहिल्या आठवड्यात मंडळाचा पत्ता विचारीत असे. त्याचा मुलगा आज पहिल्या आठवड्यात धावणाऱ्यांचा पत्ता विचारतो. गणेशोत्सवास तो येतो, पण रविवारच्या सकाळच्या सभेस येत नाही, अशी तक्रार आपल्या कार्यकारिणीत अधूनमधून ऐकू येते. ती रास्त असली तरी तो जेथे जातो तेथेही त्यास हेच लाभते : अनोळखी शहरात चार माणसे नावाने हाक मारतात, आणि एखाद्या रविवारी तो आला नाही तर फोन करून विचारतात. स्त्रियांच्या बाबतीत तर लाभ याहून मोठा आहे. दिल्लीच्या काळोख्या पहाटेस एकटीने घराबाहेर पडणे किती जणींस शक्य होते? दहा जणी मिळून निघू लागल्या, तेव्हा तो रस्ता त्यांचाही झाला.

या रस्त्यांवर दोन मराठी नावे कोरली गेली आहेत. ८ ऑक्टोबर २०१० रोजी राष्ट्रकुल सामन्यांत, याच नेहरू स्टेडियमवर, नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळविले. राष्ट्रकुल सामन्यांत धावपट्टीवर वैयक्तिक पदक मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री. दुसरे नाव बीड जिल्ह्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळे यांचे. बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये भरती झालेला हा जवान २९ नोव्हेंबर २०२० रोजी दिल्ली अर्धमॅरेथॉन १ तास ० मिनिटे ३० सेकंदांत धावला. एकसष्ट मिनिटांच्या आत हे अंतर कापणारा तो पहिला भारतीय. महासाथीमुळे त्या वर्षी रस्त्यावर केवळ निवडक धावपटू होते व हौशी मंडळी आपापल्या वसाहतीत धावत होती. एरव्ही आपल्यातील शंभर जण तरी ढोलताशांसह लोदी रोडवर उभे राहिले असते. तो विक्रम निर्मनुष्य रस्त्यावर झाला.

आता ज्या गोष्टीवाचून हा इतिहास अपुरा राहील, त्या हवेविषयी. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटास सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. जोराने धावणारा साठ ते शंभर लिटर घेतो, आणि तीही बहुतांशी तोंडाने, म्हणजे नाकाची गाळणी टाळून. भारतीय मानकाप्रमाणे हवेतील अतिसूक्ष्म कणांचे दैनिक प्रमाण घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅमच्या आत असावे; जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ही मर्यादा १५ वर आणली. नोव्हेंबरातील दिल्लीत हे आकडे कित्येक पटींनी ओलांडले जातात. २०१७ च्या नोव्हेंबरात धुरक्यामुळे शाळा बंद ठेवाव्या लागल्या, डॉक्टरांच्या संघटनेने अर्धमॅरेथॉन थांबवावी म्हणून उच्च न्यायालयात धाव घेतली, आणि तरीही १९ तारखेस तीस हजारांहून अधिक माणसे धावली. काही तोंडास मुखपट्टी बांधून. ते धाडस होते असे काहींस वाटते. मला ते धाडस वाटत नाही; आरोग्यासाठी जमलेल्यांनी त्या दिवशी घरी राहावयास हवे होते. २०१८ पासून शर्यत ऑक्टोबरात घेतली जाऊ लागली, हे शहाणपणाचे झाले. धावक मंडळेही आता सकाळी प्रथम हवेचा आकडा पाहतात आणि तो वाईट असेल तर धाव रद्द करतात, किंवा घरातल्या यंत्रावर धावतात.

पण दिल्लीत धावणारे ते एवढेच नव्हेत. सुरतसिंहांच्या महंमदपूर माजरीच्या बाजूस, बवाना-नजफगढकडे, पहाटे मोटारीने गेल्यास दिव्याच्या झोतात रस्त्याच्या कडेने धावणारी मुले दिसतात. त्यांच्या पायांत महागडे बूट नसतात, मनगटावर घड्याळ नसते आणि छातीवर शर्यतीचा क्रमांकही नसतो. दिल्ली पोलिसांच्या शिपाईभरतीत तरुण पुरुष उमेदवारास १६०० मीटर सहा मिनिटांत धावावे लागतात. सहा मिनिटे आणि एक सेकंद झाला की घरी परत. सैन्यभरतीची तयारीही याच रस्त्यांवर चालते. रविवारच्या मेळ्याशी या मुलांची गाठ पडत नाही. दोघांच्या वाटा निराळ्या, वेळ तेवढी एक. भरतीची तारीख उमेदवार ठरवीत नाही. हवेचा आकडा तीनशे असो की चारशे, सराव चुकविणे त्यास परवडत नाही. नेहरू पार्कात धाव रद्द झाल्याचा निरोप फिरतो, त्या सकाळीही ही मुले नजफगढच्या नाल्याकाठी धुक्यात धावत असतात, आणि बहुधा दोघे-दोघे मिळून.