पन्नास हर्ट्झचा सूर

माझ्या खोलीतल्या स्टुडिओत एक सूर कायम लागलेला असतो. हार्मोनियमवर शोधला तर पांढरी पाचच्या किंचित वर. ही विजेची घरघर, ५० हर्ट्झची. सगळी यंत्रं एकाच बोर्डवर घेतली, लॅपटॉप बॅटरीवर ठेवला, बॅलन्स्ड केबल आणली, तेव्हा ती बरीच दबली. इमारतीच्या अर्थिंगवर मात्र भाडेकरूचा इलाज चालत नाही.

१९०२ साली कोलकात्यात गौहर जान भोंग्यात गायल्या तेव्हा ही कटकट नव्हती. त्या रेकॉर्डिंगला वीज लागतच नव्हती. १९२५च्या सुमारास मायक्रोफोन आणि अॅम्प्लिफायर आले आणि मागोमाग घरघरही आली. १९५५मध्ये गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी गिटारसाठी दोन उलट वेटोळ्यांचं पिकअप बनवलं: एकातली घरघर दुसऱ्यातलीला खोडते. नाव, हमबकर.

पण मला ती पूर्ण खोडायची नाही. कारण आजीच्या ओव्यांची कॅसेट, १९९६ची, सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावची. तिचा आवाज एवढाच उरलाय. घरघरीचे पडसाद १००, १५०, २०० हर्ट्झवरही असतात आणि २००च्या आसपास आजीचाच आवाज आहे. फिल्टर दोघांत फरक करत नाही.

कॅसेट संगणकात घेतली तर आवाज सेकंदाला दोनदा हेलकावे खायला लागला, तंबोऱ्याच्या न जुळलेल्या तारांसारखा. आलेख काढला. घरघरी दोन होत्या: ५०वर माझ्या खोलीची, ५२वर गावच्या घराची. म्हणजे टेप जोरात पळत होती. आजी इतकी पातळ आवाजाची नव्हतीच!

मग ५२ची ५० करायची? इथे इतिहास आडवा येतो. तेव्हा संध्याकाळी मागणी वाढली की जनित्रं मंदावायची, फ्रिक्वेन्सी अनेकदा ४९च्याही खाली जायची. २००२-०३मध्ये विजेचे दर फ्रिक्वेन्सीशी जोडले, तेव्हा शिस्त आली. ३१ डिसेंबर २०१३ला रायचूर-सोलापूर लाइननं दक्षिणेचं ग्रिडही जोडलं गेलं, आणि देशभर एकच सूर झाला. लंडनचे पोलीस ग्रिडची फ्रिक्वेन्सी सतत नोंदवून ठेवतात, ध्वनिफीत खरी की जोडलेली ते तपासायला. आमच्या गावच्या त्या संध्याकाळची नोंद मी कुठून आणू?

म्हणून आईला हेडफोन दिले आणि ५०पासून खाली येत गेलो. दोनदा ती म्हणाली, "अजून हळू." तिसऱ्यांदा काहीच म्हणाली नाही. ती फाइल ठेवली, घरघरीसकट.