परमुलखातले बिऱ्हाड

घराच्या भिंती किती जाड असाव्यात हे एकटा गवंडी ठरवीत नाही. त्या काळची भीतीही ठरवते.

आमच्या अंजनगाव सुर्जीचे नाव इतिहासात आले ते दौलतराव शिंदे व आर्थर वेलस्ली यांच्यातील ३० डिसेंबर १८०३ च्या तहामुळे. पुढे पेंढाऱ्यांनी वऱ्हाड लुटले. जुन्या वाड्यांच्या जाड मातीच्या भिंती, रस्त्याकडे एकच भक्कम दरवाजा, उजेड सगळा आतल्या चौकातून; याला वऱ्हाडचे ऊन कारण खरे, पण धास्तीही तितकीच.

अशा घरात वाढलेल्या मी हॉलंडात डेल्फ्ट शहरी भाड्याने बिऱ्हाड मांडले, तेव्हा प्रथम अवघडल्यासारखे झाले. रस्त्यालगत भलीमोठी काच आणि पडदा नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला आमचे ताट दिसावे! जिना शिडीसारखा उभा. सामान त्यावरून चढत नाही, म्हणून जुन्या घरांच्या कपाळावर तुळई आणि आकडा असतो. कपाट दोराने ओढून खिडकीतून आत घेतात. रिकामे घर भाड्याने घ्यावे, तर जमिनीवरचे आच्छादनसुद्धा पुष्कळदा आधीचा भाडेकरू उचलून नेतो.

हेच डच लोक एकदा आपल्याकडे परके म्हणून आले होते. १६३७ साली विजापूरच्या आदिलशहाच्या परवानगीने त्यांनी वेंगुर्ल्यास वखार घातली. तिचे अवशेष पाहावेत, तर भिंती किल्ल्याच्या! शेजारी गोव्यात पोर्तुगीज वैरी, आणि राहणे दुसऱ्याच्या मर्जीवर. मायदेशी मोठ्या खिडक्यांत बसणारी माणसे परमुलखात दगडाआड राहिली.

मर्जीच्या जागी कायदा आला, म्हणजे परक्याला धीर येतो. हॉलंडने १९०१ साली गृहनिर्माणाचा कायदा करून कामगारांच्या कोंदट खोल्यांना किमान दर्जाचे बंधन घातले. १ जुलै २०२३ पासून तर भाडेकरार लेखी हवा, अनामत दोन महिन्यांच्या मूळ भाड्याहून अधिक नको, आणि वंश वा राष्ट्रीयत्वावरून भाडेकरू नाकारायचा नाही, असा नियमच आहे. घरांची टंचाई मोठी, त्यामुळे शोध कठीणच. चार महिन्यांहून अधिक राहणाऱ्याने पाच दिवसांत नगरपालिकेत नाव नोंदवावे लागते. म्हणून जाणत्याचा पहिला प्रश्न भाड्याचा नसतो. ‘या पत्त्यावर माझी नोंद होईल ना?’ हा असतो.

आपल्याकडे खोली मागायला आलेल्याला मात्र पहिला प्रश्न आपणच विचारतो: आडनाव काय, आणि घरात काय शिजते? यंदा उंबऱ्यावर पणती ठेवताना त्या प्रश्नाकडेही जरा तिच्या उजेडात पाहावे.