गोल्ड स्पॉट : एका संत्रारंगी बाटलीची गोष्ट

घरी पाहुणे आले की "थंड घेणार की गरम?" असे विचारण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. १९८० च्या आसपास या 'थंड'चा अर्थ ठरलेला असे. घरातल्या एखाद्या पोराला कोपऱ्यावरच्या दुकानात पिटाळायचे आणि बाटल्या मागवायच्या. मोठ्यांसाठी थम्स अप किंवा लिम्का, आणि मुलांसाठी बहुधा गोल्ड स्पॉट. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या कुणालाही तो केशरी रंग लगेच आठवेल. तिशीच्या आतल्यांना मात्र नावसुद्धा ठाऊक नसते. इतके लोकप्रिय पेय गेले कुठे, हा प्रश्न म्हणूनच विचारण्यासारखा आहे.

या पेयाची मुळे मुंबईतल्या पार्ल्यात आहेत. मोहनलाल दयाल चौहान यांनी १९२९ मध्ये विलेपार्ले येथे गोळ्या-चॉकलेटांचा कारखाना काढला आणि गावाचेच नाव धंद्याला दिले. १९३९ पासून तिथे बिस्किटे होऊ लागली. पुढे याच घराण्यातून शीतपेयांची शाखा निघाली आणि १९५२ च्या सुमारास संत्र्याच्या स्वादाचे गोल्ड स्पॉट बाजारात आले. त्याआधी आपल्याकडे गोटी सोडा होता आणि मुंबईत पारशी उद्योजक पांडोळे यांची १८८९ पासूनची ड्यूक्स होती. पण ही पेये बहुतांशी आपापल्या मुलखापुरती होती. देशभर पोहोचलेल्या देशी संत्रापेयांत गोल्ड स्पॉटचे नाव पहिल्या रांगेत घ्यावे लागते.

ते देशभर पोहोचले कसे, हे समजून घेण्यासारखे आहे. मूळ कंपनी फक्त अर्क तयार करी. गावोगावचे परवानाधारक कारखानदार त्यात साखरेचा पाक, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड मिसळून बाटल्या भरत. काचेची बाटली रिकामी करून परत द्यायची असे, नाहीतर दुकानदार अनामत ठेवून घेई. चोवीस बाटल्यांचे क्रेट भरलेले जायचे आणि रिकामे परत यायचे. बाटल्या, क्रेट, ट्रक आणि दुकानदारांशी असलेले संबंध हे सगळे या कारखानदारांचे होते. ही गोष्ट पुढच्या घटनांसाठी लक्षात ठेवावी.

बाटलीत संत्रे किती होते? जवळजवळ नाहीच. अशा पेयांचा स्वाद संत्र्याच्या सालीतल्या तेलासारख्या द्रव्यांतून येतो. हे तेल पाण्यापेक्षा हलके असल्याने वर तरंगते आणि बाटलीच्या गळ्याशी त्याचे कडे जमते. ते पाण्यात सारखे पसरून राहावे म्हणून त्या काळी जगभर अशा पेयांत ब्रोमिनयुक्त वनस्पती तेल घालत. आरोग्याच्या कारणावरून भारताने १९९० मध्ये त्यावर बंदी घातली. अमेरिकेने तेच पाऊल २०२४ मध्ये उचलले. म्हणजे जुन्या पेयाच्या आठवणी गोड असल्या तरी त्यातले सगळेच चांगले होते असे नाही.

गोल्ड स्पॉटचे भाग्य खरे उजळले ते १९७७ नंतर. परकीय चलन नियमनाच्या १९७३ च्या कायद्याने परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा चाळीस टक्क्यांवर आणणे भाग पडले. जनता सरकारात उद्योगमंत्री असलेल्या जॉर्ज फर्नांडिस यांनी हा आग्रह सोडला नाही. कोका-कोलाने आपले गुपित सांगण्यापेक्षा देश सोडणे पसंत केले आणि तिच्याबरोबर तिचे संत्रापेय फँटाही गेले. मैदान मोकळे झाले. कोलामध्ये पार्लेचे थम्स अप पुढे आले आणि संत्र्यात गोल्ड स्पॉटला कॅम्पा ऑरेंजसारखे मोजकेच स्पर्धक उरले. पेय प्यायल्यावर मुलांचा डोळा बुचावर असे. बिल्ले जमवायचे, ठोकून सपाट करायचे, दोन भोके पाडून दोरा ओवायचा की भिंगरी तयार. मोठ्यांना बाटली, मुलांना बाटली आणि बिल्ला दोन्ही!

मग वारे फिरले. १९९० मध्ये पेप्सी आली आणि आर्थिक धोरण बदलल्यावर १९९३ मध्ये कोका-कोला परतली. नव्याने कारखाने उभारण्यापेक्षा तयार जाळे मिळवणे तिच्या सोयीचे होते. आपले बॉटलर उद्या तिकडे गेले तर आपल्या हाती काय राहील, ही रमेश चौहान यांची चिंता खोटी नव्हती. त्याच वर्षी थम्स अप, लिम्का, माझा, सिट्रा आणि गोल्ड स्पॉट ही नावे कोका-कोलाकडे गेली.

त्यानंतरचा निवाडा सरळ होता. कंपनीकडे स्वतःचे संत्रापेय होते, मग दुसरे कशाला? फँटा पुढे आले आणि गोल्ड स्पॉट हळूहळू दुकानांतून नाहीसे झाले. थम्स अपही मागे सारण्याचा प्रयत्न झाला, पण गिऱ्हाईक दुकानात उभे राहून तेच नाव घेऊन मागत राहिले. शेवटी कंपनीला ते सांभाळावे लागले. संत्र्याच्या बाबतीत लोकांनी तेवढा हट्ट धरला नाही. चवीत ते हरले असे म्हणता येणार नाही. मालक बदलला आणि नव्या मालकाला त्याची गरज नव्हती. चौहान यांनी एक नाव मात्र विकले नाही : १९६९ मध्ये घेतलेले बिसलेरी. ते आजही टिकून आहे.

अलीकडे कॅम्पा नव्या मालकाकडून बाजारात परतले आहे. उद्या गोल्ड स्पॉटही परतेल किंवा परतणार नाही. ते ठरवणे आपल्या हाती नाही. आपल्या हाती आहे ते कैरीचे पन्हे, कोकमचे सरबत आणि वाळ्याचे पाणी. पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात राहूनही ही चव आपल्या घरांत टिकली, कारण तिच्यावर कुणाची मालकी नाही आणि ती कुणाला विकत घेऊन बंद करता येत नाही. मात्र घरात ती मागणारे आणि करणारे कुणीतरी हवे. यंदा गणपतीच्या दर्शनाला येणाऱ्यांनी "थंड" म्हटले, तर एखादा पेला पन्ह्याचाही पुढे करावा. पोरांना त्याचे नाव तरी कळेल.